दादा, बाबांचा ळ परत आला त्याबद्दल

दादा, गणपतीत तू निघालास तेव्हा देवगड स्टँडवर एसटी लागलेलीच होती, बोलायचं राहून गेलं, आणि फोनवर मला असलं काही नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांचा उजवा हात गेलाच, डावा आहे पण थरथरतो. दशावताराच्या आठवणी टाईप करायच्या हे त्यांनी कधीपासून धरलेलं, इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगची कीबोर्डवरची अक्षरांची मांडणी, तर नोकरीपासूनच पाठ, पण त्यात ख घ थ ध फ भ ण ळ सगळे शिफ्ट धरून येतात, आणि एकाच हाताने शिफ्ट धरून लांबचं बटण दाबायचं कसं? माड लिहून व्हायचा, फणस आला की अडायचे. दुकानवाला म्हणाला नवीन कीबोर्ड घ्या, तोही घेतला, काही फरक नाही.

तू आलास आणि आधी कशालाच हात लावला नाहीस, नुसता त्यांच्या बोटांकडे बघत बसलास. ते मी विसरणार नाही. मग आपल्या कॉम्प्युटरवरच्या उबंटूत (विंडोजऐवजी असते ती सिस्टीम) स्टिकी कीज चालू केलंस, म्हणजे शिफ्ट दाबून सोडायचं आणि मग अक्षर. (ऑफिसात विंडोजवर पाच वेळा शिफ्ट दाबलं की खिडकी येते ती ह्याचीच, मी इतकी वर्षं ती बंद करत आले, कोणासाठी असेल हे डोक्यातच आलं नाही.) तरी ते मधेच आपोआप बंद पडायचं. तूच पकडलंस, बाबांचा तळवा शिफ्टवर टेकलेला राहतो, वरून अक्षर दाबलं की दोन बटणं एकदम जातात, आणि दोन एकदम दाबली की स्टिकी बंद कर असा ऑप्शन आत चालू होता. तो काढलास. थरथरीने एका अक्षराची तीन व्हायची त्याला बाऊन्स कीज, म्हणजे तेच बटण ठरलेल्या वेळाच्या आत परत दाबलं गेलं तर ते मोजायचं नाही, 300 मिलिसेकंदांनी भागलं नाही, हळूहळू वाढवत 500 वर आणलंस तेव्हा जमलं.

पण मग छोटी तक्रार करायला लागली की तिने इंग्लिश फास्ट टाईप केलं की डबल अक्षरातलं एक गायब, आणि कॉम्प्युटर घरात एकच. त्यावर तू जीसेटिंग्जच्या, म्हणजे उबंटूची सेटिंग्ज लिहून बदलायच्या, कमांड टाकून ती छोटी स्क्रिप्ट लिहिलीस, एफ नाईन दाबलं की बाबांचं सेटिंग, परत दाबलं की तिचं. प्रत्येक ओळीवर मराठीत कमेंट टाकलीस म्हणून परवा बाबांना 500 पण कमी पडायला लागले तेव्हा 600 मी स्वतः केले, तुला फोन न करता.

त्या दिवशी बाबा ओरडले होते ना, "झिला, ळ इलो रे!" आईने चुलीवरचं तसंच टाकून धाव घेतली, तिला वाटलं पडले की काय.

काल आठवणींतलं संकासुराचं, दशावतारातल्या त्या राक्षसाचं, पान पूर्ण झालं. प्रिंट काढून ठेवलीय, तू शिमग्याला आलास की बाबा स्वतः वाचून दाखवणार म्हणतायत, तोवर कुणाला हात लावू देत नाहीत.