आर्लिंग्टनला चाळीस मिनिटे पुरत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या वॉशिंग्टनच्या प्रवासलेखात आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत आणि त्यातली एक चुकली आहे. 'इथे दफन झालेले एकमेव राष्ट्राध्यक्ष म्हणजे केनेडी' असे त्यात म्हटले आहे. केनेडींच्या तेहतीस वर्षे आधी, १९३० साली, माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांना तिथेच मूठमाती दिली गेली. टाफ्ट नंतर सरन्यायाधीशही झाले होते. ही दोन्ही पदे भूषवणारा दुसरा माणूस अमेरिकेत अजून झालेला नाही.

एवढीच दुरुस्ती असती तर दोन ओळींत भागले असते. पण लेख वाचताना मला माझीच पहिली फेरी आठवली. तेव्हा आम्ही एका प्रवासकंपनीच्या बसने गेलो होतो. 'चाळीस मिनिटांत बसपाशी या' असा हुकूम सुटला, आम्ही केनेडींच्या कबरीवरच्या अखंड ज्योतीसमोर फोटो काढले, अज्ञात सैनिकांच्या कबरीवरचा पहारा बदलताना पाहिला आणि धापा टाकत परतलो. मुलगी व्हर्जिनियात राहायला गेल्यावर मात्र मी एकटाच मेट्रोच्या ब्लू लाइनने गेलो (दफनभूमीच्या नावाचेच स्टेशन आहे), सोबत पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली. डबा संध्याकाळी तसाच परत आला. तिथे बसून खायची हिंमत झाली नाही.

खरी गोष्ट त्या जमिनीची आहे. टेकडीवर जाड खांबांचा जो वाडा दिसतो, तो जॉर्ज वॉशिंग्टनच्या सावत्र नातवाचा, कस्टिसचा. भोवती ११०० एकर जमीन आणि ती कसणारे गुलाम. कस्टिसच्या मुलीचे लग्न रॉबर्ट ली या लष्करी अधिकाऱ्याशी झाले. १८६१ मध्ये अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत यादवी युद्ध पेटले, ली दक्षिणेच्या बाजूने गेला आणि उत्तरेच्या फौजेने टेकडी ताब्यात घेतली. मग सरकारने त्या जमिनीवर कर बसवला, ९२ डॉलर ७ सेंट, आणि तो मालकाने जातीने येऊन भरावा असा नियम. संधिवाताने जखडलेल्या श्रीमती लींनी नातेवाइकाच्या हाती पैसे पाठवले, ते घेतले गेले नाहीत. १८६४च्या जानेवारीत लिलाव झाला आणि सरकारनेच २६,८०० डॉलरला जमीन घेतली. तलाठ्याच्या कचेरीत चार हेलपाटे घातलेल्या माणसाला हे काही नवीन वाटणार नाही.

त्याच वर्षी १३ मे रोजी पहिले दफन झाले. विल्यम ख्रिस्टमन, पेनसिल्व्हेनियाचा साधा शिपाई. तो रणात पडला नव्हता, आजाराने इस्पितळात वारला होता. फौजेचा पुरवठाप्रमुख माँटगोमेरी मेग्ज याने कबरी मुद्दाम थेट वाड्याला भिडवल्या. ली कुटुंबाला पुन्हा तिथे राहताच येऊ नये, हा हिशेब. श्रीमती लींच्या गुलाबबागेलगत २,१११ अनोळखी सैनिकांची हाडे एकाच तळघरात ठेवलेली आहेत. पुढे लीच्या मुलाने दावा लावला आणि १८८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. तोवर हजारो कबरी झाल्या होत्या. त्या उकरून जमीन मोकळी करून मागण्यापेक्षा त्याने दीड लाख डॉलर घेतले. सरकारच्या वतीने कागद स्वीकारले युद्धमंत्र्यांनी, आणि ते कोण, तर रॉबर्ट लिंकन, अब्राहम लिंकनचे चिरंजीव! तेही आज तिथेच आहेत. मेग्जही आहे आणि युद्धात मारला गेलेला त्याचा मुलगाही.

आता ज्याच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहितो आहे, तो माणूस. जेम्स पार्क्स याच मळ्यावर गुलाम म्हणून जन्मला. कस्टिसच्या मृत्युपत्रानुसार मळ्यावरचे गुलाम १८६२च्या अखेरीस मुक्त झाले, त्यात तोही होता. मुक्त झाल्यावर तो तिथेच राहिला आणि इथल्या पहिल्या कबरी त्याने खणल्या. १९२९ साली तो वारला, तेव्हा लष्करी मानवंदनेसह याच टेकडीवर त्याला जागा देण्यात आली. याच जमिनीवर जन्मून इथेच पुरला गेलेला तो एकटाच. इथल्या कुठल्याही सेनापतीपेक्षा मला त्याची कबर मोठी वाटली. आकाराने नव्हे, ती इतरांसारखीच आहे.

सेक्शन २७ तर बसवाले दाखवतच नाहीत. उत्तरेच्या कडेला, मुख्य वाटेपासून आडबाजूला आहे. मळ्याच्या एका भागात सरकारने मुक्त गुलामांसाठी वसाहत उभारली होती. त्यातले आणि वॉशिंग्टन परिसरात वारलेले मिळून सुमारे ३,८०० जण या भागात आहेत. गुडघ्याएवढी पांढरी शिळा, वर नाव आणि खाली एकच शब्द, 'सिटिझन'. नागरिक. काहींवर 'सिव्हिलियन' आहे. यातले बरेच जण पुरले गेले तेव्हा कायद्याने त्यांना नागरिकत्व मिळायचे होते, शिळेने ते देऊन टाकले. मी एका शिळेसमोर उकिडवा बसलो. अक्षरांच्या खाचांत शेवाळ चढले होते, नुसत्या नावापलीकडे जन्मतारीख नाही, गाव नाही. शेजारच्या ओळीत काळ्या पलटणीतले सैनिक. मेल्यावरही गोऱ्या आणि काळ्या सैनिकांच्या जागा वेगळ्या ठेवण्याची पद्धत १९४८ पर्यंत चालली.

याच संदर्भात मॅथ्यू हेन्सन बघावा. उत्तर ध्रुवाच्या १९०९च्या मोहिमेत तो रॉबर्ट पिअरीच्या खांद्याला खांदा लावून होता. (ध्रुवावर नेमके पोचले का, हा वाद आहेच.) पिअरी १९२० मध्ये गेला, त्याच्या कबरीवर भलामोठा पृथ्वीगोल आहे. कृष्णवर्णीय हेन्सन १९५५ मध्ये न्यूयॉर्कला वारला आणि तिथल्याच एका कबरस्तानात राहिला. त्याला उचलून पिअरीच्या शेजारी आणायला १९८८ उजाडले.

बाकी नामवंत किती सांगावेत. मुष्टियोद्धा जो लुईस, सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल, १९६३ साली घराच्या दारात गोळी घालून मारलेले नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स. ऑडी मर्फी हा दुसऱ्या महायुद्धातला पदकांनी लादलेला शिपाई, पुढे सिनेनट झाला. त्याची शिळा मात्र अगदी साधी, सर्वोच्च शौर्यपदकवाल्यांच्या शिळेवर असते तसे सोनेरी अक्षर नाही. वॉशिंग्टन शहराचा आराखडा काढणारा फ्रेंच अभियंता लाँफाँ १८२५ मध्ये कफल्लक अवस्थेत मेला होता. १९०९ मध्ये त्याला वाड्यासमोर आणून ठेवले. शिळेवर त्याचा नकाशा कोरलेला, आणि समोर नदीपलीकडे तेच शहर.

मी बँकेच्या संगणक विभागात उमेदवारी केली ती कोबॉल या संगणकभाषेवर. त्या भाषेची जननी म्हणावी अशी ग्रेस हॉपर, नौदलातली रिअर अॅडमिरल, १९९२ पासून इथे आहे. तिच्यापुढे मी नकळत चपला काढल्या. शेजारून जाणाऱ्या बाईंनी विचित्र नजरेने पाहिले, पाहू दे.

भारतीय माणसाने दोन जागा तरी चुकवू नयेत. एक, कोलंबिया यानाचे स्मारक. कर्नालच्या कल्पना चावलासह सातही जणांची आठवण त्यावर आहे. तिची रक्षा युटा राज्यातल्या झायन उद्यानात विसर्जित झाली, पण तिचे तीन सहकारी आर्लिंग्टनमध्येच आहेत. दुसरी जागा ऑर्ड विंगेटची. ब्रह्मदेशात जपान्यांच्या पिछाडीला घुसणाऱ्या चिंदित तुकड्यांचा हा इंग्रज सेनानी जन्मला नैनितालला आणि २४ मार्च १९४४ रोजी मणिपूरच्या डोंगरात विमान कोसळून मेला. विमान आणि वैमानिक अमेरिकेचे. देह ओळखण्यापलीकडे गेले होते, त्यामुळे सगळ्यांना एकत्र पुरले. आधी अपघाताजवळ, मग इंफाळला, आणि १९५० मध्ये उचलून थेट आर्लिंग्टनला. एकाच शिळेवर सगळ्यांची नावे, त्यात विंगेटचे. मी खडकीकर. होळकर पुलाजवळच्या युद्ध दफनभूमीवरून रोजचे जाणेयेणे. तिथे कुठल्या कुठल्या देशांतली पोरे आपल्या मातीत झोपली आहेत, आणि नैनितालचा हा परक्या देशात अमेरिकन पोरांच्या सोबतीने.

अज्ञात सैनिकांच्या कबरीवरच्या पहाऱ्याबद्दल आपल्या लेखकाने लिहिले ते बरोबर आहे. एकवीस पावले, एकवीस सेकंद थांबणे, पुन्हा एकवीस पावले, आणि १९३७ पासून हा पहारा रात्रंदिवस चालू आहे. टाचा आपटल्याचा आवाज कानात राहतो. पण तिथे एक कबर रिकामी आहे, हे राहून गेले. व्हिएतनाम युद्धातला 'अज्ञात सैनिक' म्हणून १९८४ मध्ये जो पुरला, तो डीएनए चाचणीत १९९८ मध्ये ओळखू आला. मायकेल ब्लासी, हवाई दलातला तरुण अधिकारी. घरच्यांनी त्याला आपल्या गावी नेले. तेव्हापासून ती जागा तशीच ठेवली आहे.

टाफ्टबद्दलची दुरुस्ती पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. आणि जे वाचक उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेत जाणार आहेत त्यांनी प्रवासकंपनीची वाट न पाहता सकाळीच मेट्रो धरावी. पायांत चांगले बूट असू द्यावेत, टेकडी चढणीची आहे. सेक्शन २७चा रस्ता फाटकापाशी विचारून घ्यावा, नाहीतर गर्दी आपोआप ज्योतीकडेच नेते.

आपला,
एक जुना वाचक
खडकी, पुणे