बँडबाहेरचा जॉर्ज

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. आई आता काठीशिवाय फिरतात हे वाचून फार बरं वाटलं. बाकी घरचं सगळं शेवटी लिहितो, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. ‘बँडमधून बाहेर पडला की कलाकार निम्मा उरतो.’ पुरावा म्हणून तू बीटल्स या इंग्लिश बँडचं नाव घेतलंस आणि वाक्याखाली रेघही मारलीस. निदान एका माणसाच्या बाबतीत मला याच्या नेमकं उलट वाटतं. जॉर्ज हॅरिसन मला बीटल्समध्ये आवडतोच, पण त्याने स्वतःच्या नावावर जे केलं ते मला त्याहून कितीतरी जवळचं आहे. तुला डिवचायला लिहीत नाहीये. माझं कान देऊन ऐकणं कित्येक वर्षं याच बाजूला झुकत गेलंय, आणि का ते एकदा नीट सांगायचंच होतं.

बीटल्समध्ये जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी या जोडीची गाणी आधी, उरलेल्या जागेत जॉर्ज, अशी व्यवस्था होती. एका रेकॉर्डवर त्याची एक किंवा दोन गाणी. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’वर तीन मिळाली तर ती मोठी गोष्ट. १९६८ ची ती पांढऱ्या कव्हरची दुहेरी रेकॉर्ड घे. तीस गाण्यांत जॉर्जची चार. त्यातलं ‘लाँग, लाँग, लाँग’ किती जणांनी मन लावून ऐकलं असेल? तिसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी, एका कानठळ्या बसवणाऱ्या गाण्यानंतर ते येतं, इतक्या दबक्या आवाजात की आवाज वाढवावा लागतो. परमेश्वराला उद्देशून गायलेलं हे प्रेमगीत आहे. बँडमध्ये ते चुकून राहिल्यासारखं वाटतं. पुढचा सगळा जॉर्ज त्या एका गाण्यात आहे.

जानेवारी १९६९ मध्ये ट्विकनहॅमच्या स्टुडिओत चौघे तालमी करत होते, कॅमेरे चालू होते. २०२१ मध्ये ते चित्रीकरण मालिका होऊन आलं तेव्हा तूही पाहिलंस. तुला त्यात चार मित्रांची मस्ती दिसली, मला जॉर्जचा चेहरा दिसत राहिला. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणं तो त्यांच्यासमोर ठेवतो, ते वाजवूनही बघतात, आणि मग ते बाजूला पडतं. वाईट कुणीच वागत नाही. कुणाला त्या गाण्यासाठी थांबायला सवड नाही एवढंच. १० जानेवारीला तो उठून निघून गेला आणि त्याच दिवशी घरी ‘वाह-वाह’ लिहिलं. काही दिवसांनी परत आला. महिना संपत असताना तो जॉनला सांगतो, की माझ्याकडे एवढी गाणी साठलीत की माझा वाटा धरला तर पुढची दहा वर्षं पुरतील, तेव्हा मी माझी एक वेगळी रेकॉर्ड करावी म्हणतो. हे सांगताना त्याच्या आवाजात तक्रार नाही. पुढच्याच महिन्यात, २५ फेब्रुवारीला, म्हणजे सव्विसाव्या वाढदिवशी, त्याने स्टुडिओत एकट्याने तीन गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. त्यात ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ही होतं.

नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच नावाची त्याची वेगळी रेकॉर्ड आली, तीन तबकड्यांची पेटी. कव्हरवर फ्रायर पार्क या स्वतःच्या घराच्या हिरवळीवर जॉर्ज बसलाय, भोवती बागेतले चार बुटके पुतळे. अमेरिकेत ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. पण मला आकड्यांचं कौतुक नाही. मला कौतुक आहे ते ‘इझन्ट इट अ पिटी’ या गाण्याचं. ते १९६६ पासून पडून होतं, बीटल्सनी घेतलं नव्हतं. इथे ते सात मिनिटांवर चालतं. एकच साधी ओळ फिरून फिरून येते, प्रत्येक वेळी मागे आणखी काहीतरी जमत जातं, आणि माणसं एकमेकांना किती सहज दुखावतात हे सांगणारा आवाज मात्र कधीच चढत नाही. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही, म्हणून चौथ्या बाजूला तेच गाणं पुन्हा घेतलं, जास्त शांत करून. एक गाणं एकाच रेकॉर्डवर दोनदा! कुठल्या बँडच्या बैठकीत हे मंजूर झालं असतं, सांग.

माझं म्हणणं खरं तर एवढंच आहे. जॉर्जची लय ठाय, म्हणजे संथ होती. त्याला गाणं बसू द्यायला वेळ लागत असे, आणि बीटल्सकडे नेमका तोच नव्हता. तीन मिनिटांत मुखडा, कडवं, एखादी चमत्कृती, संपलं. त्यात जॉन आणि पॉल राजे होते, मी मान्य करतो. पण विलंबित गाणाऱ्याला तू द्रुत बंदिशीच्या मध्ये दोन आवर्तनं दिलीस आणि म्हणालास, बघ किती छान गायला, तर तो छान गाईलच; त्याचं गाणं मात्र तू ऐकलेलं नसशील.

आता गिटारबद्दल, कारण तू स्वतः वाजवतोस. बीटल्समधला त्याचा हात आठव. नेटका, मोजका, गाण्याला चिकटून. १९६९ च्या अखेरीस तो डिलेनी आणि बॉनी या अमेरिकन गायक जोडीच्या ताफ्याबरोबर दौऱ्यावर गेला आणि स्लाइडकडे वळला. तारेवर नळी सरकवून वाजवायची ती पद्धत. ‘माय स्वीट लॉर्ड’च्या सुरुवातीला ऐकू येतो तो आवाज तिथून आला. पण अमेरिकन ब्लूजवाले जसं स्लाइड वाजवतात तसं हे नाही. तो एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट दाखवतो, वरच्या सुराला हळूच टेकतो आणि परततो. ही मींड आहे रे! १९६६ मध्ये तो मुंबईत येऊन ताजमध्ये राहिला, रविशंकरांकडे सतार शिकला, मग त्यांच्याबरोबर काश्मीरला गेला. दोनेक वर्षांत त्याच्या लक्षात आलं की सतारीसाठी आपण फार उशिरा सुरुवात केली, आणि त्याने ती मागे ठेवली. पण बोटांत जे उतरलं ते स्लाइडमधून बाहेर आलं. बीटल्सच्या गाण्यांत त्याची सतार आहे, ती मला थोडी दाखवण्यासाठी ठेवल्यासारखी वाटते. त्याच्या एकट्याच्या कामात सतार जवळजवळ नाही आणि तरीही सतारीचं शिक्षण पानोपानी आहे. मला दुसरं जास्त मोलाचं वाटतं.

आणि हे तुला ठाऊक आहे का? बीटल्सपैकी कुणीही स्वतःच्या नावावर काढलेली पहिली रेकॉर्ड जॉर्जची, १९६८ ची ‘वंडरवॉल म्युझिक’, एका चित्रपटाचं पार्श्वसंगीत, आणि तिचा मोठा भाग मुंबईत झाला. जानेवारी १९६८, एचएमव्हीचा स्टुडिओ. मुंबईत मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचं यंत्र होतं, म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं यंत्र कोलकात्याहून रेल्वेने आणलं. संध्याकाळी साडेपाचला इमारतीतली ऑफिसं सुटली की जिन्यावरच्या पावलांचा आवाज आत येई आणि काम थांबवावं लागे. शिवकुमार शर्मांचं संतूर, आशिष खानांचा सरोद, एस. आर. केंकरे यांची बासरी. रेकॉर्ड थोर आहे असं मी म्हणणार नाही, तुकडे तुकडे आहेत. पण मोकळीक मिळाल्या मिळाल्या हा माणूस कुठे गेला ते बघ. त्याच मुक्कामात त्याने ‘द इनर लाइट’चं वाद्यसंगीत केलं, आणि ते पुढे बीटल्सच्या एका सिंगलच्या, म्हणजे दोन गाण्यांच्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला गेलं. मागच्याच बाजूला.

‘माय स्वीट लॉर्ड’ तू हजारदा ऐकलं असशील. मागचा कोरस ‘हालेलुया’वरून ‘हरे कृष्ण’वर कधी गेला हे कळतही नाही. आणि त्याच्यापुढे, नीट कान दे, ‘गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः’ येतं, पूर्ण श्लोक. शाळेत प्रार्थनेला हात जोडून म्हटलेला. लंडनच्या स्टुडिओतली मंडळी तो म्हणतायत आणि त्यात कुठेही नवलाईचा आव नाही. या गाण्यावरून झालेला खटला तू काढशील म्हणून आधीच लिहितो. हो, चाल शिफॉन्स या मुलींच्या गटाच्या जुन्या गाण्याशी जुळते, आणि १९७६ मध्ये न्यायालयाने सांगितलं की नकळत का होईना, उचल झाली आहे. निकाल मला मान्य आहे. पण त्या चालीवरून तो जिथे पोचतो तिथे ते जुनं गाणं जातच नाही. तिथला जॉर्ज अस्सल आहे.

बांगलादेशसाठी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला झालेल्या कार्यक्रमाबद्दल तुला सांगायला नको. रविशंकरांनी व्यथा सांगितली आणि याने काही आठवड्यांत मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दोन खेळ उभे केले. मला त्यातलं आवडतं ते हे, की पहिला मान त्याने रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांना दिला, आणि लोकांना सांगितलं की हे संगीत जरा गंभीर आहे, नीट ऐका. स्वतः मागून आला. दोन वर्षांनी ‘लिव्हिंग इन द मटेरियल वर्ल्ड’च्या शीर्षकगीतात तबला आहे तो झाकीर हुसेनचा, जेमतेम विशी ओलांडलेल्या. रॉकचा धडाका चालू असतो, मध्येच सगळं निवतं, तबला येतो, आवाज वर बघू लागतो, आणि पुन्हा धडाका. झाकीर गेल्यावर मी ते गाणं काढून ऐकलं.

तुझ्या बाजूचं जे खरं आहे तेही लिहितो. जॉर्जच्या ‘समथिंग’चा त्या वाढदिवसाचा कच्चा नमुना आणि बीटल्सच्या ‘ॲबी रोड’वरचं तेच गाणं शेजारी ठेवलं तर बँडने काय दिलं ते लख्ख दिसतं. पॉलचा बास आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांची तंतुवाद्यं काढून टाक, गाणं उघडं पडतं. त्या तीन तबकड्यांपैकी तिसरीवर नुसती मित्रमंडळींची वाजवावाजवी आहे, ती मीही क्वचितच लावतो. १९७४ चा अमेरिकेचा दौरा बसलेल्या घशाने केला आणि लोकांना जुनी गाणी हवी होती तेव्हा त्याने त्यांचे शब्द बदलून गायली. सत्तरच्या उत्तरार्धातल्या काही रेकॉर्ड्स सपक आहेत. हे सगळं धरूनही मी म्हणतो ते कायम.

कारण एकटा म्हणजे एकाकी असं जॉर्जच्या बाबतीत कधी नव्हतंच. त्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डवर एरिक क्लॅप्टन आहे, बिली प्रेस्टन आहे, क्लाउस फोरमन आहे, आणि ड्रमवर बीटल्सचाच रिंगो आहे. माणसं बीटल्सपेक्षा जास्तच. पुढे १९८८ मध्ये डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी, जेफ लिन यांना घेऊन ट्रॅव्हलिंग विल्बरीज हा बँडही काढला आणि त्यात तो सुखात दिसतो. तेव्हा प्रश्न बँड की एकटा असा नाहीच, असं मला आता वाटू लागलंय. त्या खोलीत तुझं गाणं ऐकायला कुणी थांबतं का, हा प्रश्न आहे. म्हणूनच ‘शक्ती’ या बँडच्या बाबतीत माझा कौल उलटा आहे. जॉन मॅक्लॉक्लिन, एल. शंकर, झाकीर, विक्कू विनायकराम यांचं एकेकट्याचं काम मोठं आहेच, पण त्या मंडळीत प्रत्येक जण दुसऱ्याची तान संपेपर्यंत डोळे लावून बसलेला ऐकू येतो. तिथे मला बँडच हवा.

‘ब्रेनवॉश्ड’ तू ऐकलेली नाहीस, हे तुझ्या पत्रावरून कळतंच. २९ नोव्हेंबर २००१ ला जॉर्ज गेला, तेव्हा ही रेकॉर्ड अपुरी होती. मुलगा धनी आणि जेफ लिन यांनी ती पुरी केली, पुढच्या वर्षी आली. धनी हे नाव त्याने ध आणि नी या सुरांवरून ठेवलेलं, हे तुला आवडेल. तिच्यात ‘मारवा ब्लूज’ नावाची एक नुसती वाजवलेली चीज आहे. रागाचे नियम शोधायला गेलास तर मारवा सापडायचा नाही, पण ती संध्याकाळची हुरहुर आहे. शब्द नाहीत, बढाई नाही, दोन स्लाइड गिटार एकमेकांना धरून चालल्यासारख्या. या तुकड्याला नंतर ग्रॅमी मिळालं. आणि अगदी शेवटच्या गाण्यात, जगावरचा सगळा संताप ओकून झाल्यावर, बापलेक मिळून ‘नमः पार्वतीपतये हर हर महादेव’ म्हणतात. आपल्याकडे कीर्तनात ज्याला सगळी सभा हात वर करून साथ देते, तो गजर. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीतून उठलो.

पॉलबद्दल तू लिहिलंस त्याशी मात्र मी बराचसा सहमत आहे. त्याला कुणीतरी ‘हे नको’ म्हणणारं शेजारी लागतं असं मलाही वाटतं, जरी १९७१ ची ‘रॅम’ मला फार आवडत असली तरी. जॉनचं १९७० चं ‘प्लास्टिक ओनो बँड’ मी जॉर्जच्या खालोखाल ठेवतो, पण ते रोज ऐकवत नाही. तुझं या दोघांबद्दल काय मत आहे ते सविस्तर लिही, नुसती रेघ मारू नकोस. ‘ब्रेनवॉश्ड’ आधी ऐक आणि मगच उत्तर दे, आणि गिटार काढून ‘मारवा ब्लूज’ची पहिली ओळ बसवून बघ. ते मधले सूर तुझ्या हाताला कसे लागतात हे मला तुझ्याकडून ऐकायचंय.

आमच्याकडे सगळे ठीक. धाकटीची परीक्षा पुढच्या आठवड्यात, त्यामुळे घरात स्पीकर बंद, मी हेडफोनवर. दिवाळीत येणार असशील तर आधी कळव, सुट्टी टाकतो. आईंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, पिल्लांना गोड पापा.

तुझाच,
मित्र