दुष्काळी तालुक्यांसाठी सह्यांचा करार करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अर्थसंकल्प आला की दुष्काळी तालुक्यांसाठीच्या कोटींच्या घोषणा छापून येतात. त्या वाचून मला एकच विचारावेसे वाटते. या पैशासाठी कुणी कुणाशी लेखी करार केला आहे का? केंद्राने किती द्यायचे, राज्याने किती, जिल्हा परिषदेने किती, किती वर्षे द्यायचे आणि काम झाले नाही तर काय, हे एका कागदावर लिहून त्याखाली तिघांच्या सह्या आहेत का? साताऱ्यातले माण व खटाव आणि सांगलीतले जत, आटपाडी व कवठेमहांकाळ या पाच तालुक्यांसाठी असा करार व्हावा, म्हणून हे पत्र.

मी माणदेशातली. नोकरी पंचायत समितीच्या लेखा शाखेत झाली, तिथूनच निवृत्त झाले. थोरली मुलगी स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या रेनफ्र्यू गावी असते. तिच्याकडे गेले असताना क्लाइड नदीवरचा नवा पूल पाहिला. मे २०२५ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. जहाज आले की पुलाचे दोन्ही भाग बाजूला वळतात आणि त्याला वाट देतात. पूर्वी तिथे लोक नावेने पलीकडे जात. पूल देखणा आहेच, पण माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो पैसे कुणी दिले हा. जावयांनी घरी आल्यावर, हा पूल ज्यातून झाला त्या ग्लासगो परिसराच्या कराराची माहितीच समोर ठेवली.

ऑगस्ट २०१४ मध्ये त्या करारावर सह्या झाल्या. एकूण रक्कम ११३ कोटी पौंड. त्यातले ५० कोटी लंडनचे सरकार देणार, ५० कोटी स्कॉटलंडचे सरकार देणार आणि उरलेले १३ कोटी आठ स्थानिक कौन्सिलांनी, म्हणजे तिकडच्या स्थानिक स्वराज्य संस्थांनी, उभे करायचे. मुदत वीस वर्षे. दर पाच वर्षांनी कामाची तपासणी आणि तिच्या निकालावर पुढचा हप्ता अवलंबून.

स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना १९९८ च्या कायद्यांनी स्वतःची विधिमंडळे मिळाली. आपल्याकडच्या राज्यांसारखेच त्यांचे आणि लंडनचे खटके उडतात. ग्लासगोच्या करारावर सह्या झाल्या तेव्हा तर स्कॉटलंडने ब्रिटनमध्ये राहायचे की नाही, याचे सार्वमत अवघ्या महिन्यावर आले होते. लंडनला एका विचाराचे सरकार, स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरोला, अगदी उलट विचाराचे. तरी दोघांनी सही केली. त्यानंतर लंडनमध्ये कॅमेरॉन जाऊन पंतप्रधानपदी मे, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर एवढी माणसे आली. करार चालू राहिला आणि पूल उभा राहिला.

आपल्याकडे २०२२ मध्ये राज्यात सरकार बदलले तेव्हा जिल्हा नियोजन समित्यांच्या कामांना स्थगिती आली. कुठल्या एका पक्षाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. सही नसलेल्या शब्दाचे असेच होते. लग्न ठरताना आपण याद लिहितो. मांडव कुणाचा, जेवणावळ कुणाची, सगळे लिहून दोन्हीकडच्या सह्या होतात, मग पुढे कुणी रुसले तरी कार्य अडत नाही. तालुक्याच्या पाण्याची मात्र याद होत नाही.

कुणी म्हणेल, ग्लासगो मोठे शहर, त्याचा आम्हाला काय उपयोग? पण असे करार विरळ वस्तीच्या भागांसाठीही झाले आहेत. वेल्सच्या मध्यभागातल्या पॉविस आणि केरेडिगियन या शेती-मेंढपाळीच्या दोन परगण्यांसाठी ११ कोटी पौंडांचा करार झाला, दोन्ही सरकारे निम्मी निम्मी रक्कम देणार. ऑर्कनी, शेटलंड आणि बाह्य हेब्रिडीज या बेटांचा १० कोटींचा करार जानेवारी २०२३ मधला. मेंढ्या, थंडगार वारा आणि पोटासाठी बाहेर जाणारी तरुण मुले. थंडी सोडली तर आमच्या माणची आठवण यावी असेच ते मुलूख आहेत.

आता आमचा मार्च कसा असतो ते सांगते, कारण ते मी टेबलापलीकडून पाहिले आहे. वर्षभर निधीची वाट पाहायची. शेवटच्या आठवड्यात तरतूद बीडीएसवर, म्हणजे निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर, दिसायला लागते. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश यांची घाई. मोजमाप पुस्तके रात्री भरली जातात, कोषागार ३१ तारखेला उशिरापर्यंत उघडे असते. जे खर्ची पडत नाही ते समर्पित, म्हणजे शासनाला परत, करायचे. या घाईत अंदाजपत्रक सोपे असलेले काम पुढे सरकते आणि पाझर तलावाची गळती काढण्याचे काम, ज्याला दोन-तीन हंगाम लागतात, ते मागे राहते. अधिकारी वाईट होते म्हणून असे झाले, असे मी म्हणणार नाही. चांगल्या अधिकाऱ्यांच्या हातूनही हेच झाले, कारण बारा महिन्यांच्या पैशात बारा महिन्यांचेच काम बसते.

दुसरी गोष्ट सरासरीची. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दहिवडीला पाचशेच्या आसपास. दोन्ही सातारा जिल्ह्यातच, त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीत आमचा दुष्काळ झाकला जातो. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१(२) खाली १९९४ मध्ये विकास मंडळे झाली, त्यांत आम्ही ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पंगतीला. तिथे आमचा अनुशेष कुणाला दिसणार? त्या मंडळांची मुदतही ३० एप्रिल २०२० ला संपली. म्हणून करार जिल्ह्याचा नको, या पाच तालुक्यांचा हवा. दोन जिल्ह्यांत विभागले म्हणून अडायचे कारण नाही. ब्रिटनमध्ये ‘बॉर्डरलँड्स’चा २०२१ मधला करार तर इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या पाच कौन्सिलांनी मिळून केला.

करारात पहिले काय लिहायचे, तेही सांगते. पंपाचे वीजबिल. टेंभू आणि म्हैसाळ योजनांनी कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवून कोरड्या शिवारात आणले, हे मोठे काम आहे. ज्यांनी त्यासाठी आयुष्य घातले त्यांना माझा नमस्कार. पण बिल थकले म्हणून पंप थांबल्याचे सांगली जिल्ह्याने कितीदा पाहिले आहे. ८१ टक्के शासनाचे आणि १९ टक्के लाभधारकांचे, असा वाटा ठरला, तो शासनाच्या निर्णयाने ठरला. निर्णय बदलता येतो. तोच वाटा दहा वर्षांच्या करारात गेला, तर डाळिंबाची बाग लावणाऱ्याला पाचव्या वर्षीच्या पाण्याचा भरवसा राहील. ब्रिटनच्या करारांत भर बांधकामावर, म्हणजे भांडवली खर्चावर आहे. आपण चालू खर्चही त्यात घालावा.

म्हसवडचेही तेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये कॅमेरॉन भारतात आले तेव्हा बेंगळुरू-मुंबई आर्थिक कॉरिडॉरसाठी दोन्ही देशांनी सहकार्य ठरवले. त्यातली औद्योगिक वसाहत माणमध्ये म्हसवडला की कोरेगावला, यावर पुढे वाद झाले. पाणी कुणी आणायचे, रस्ता कुणी करायचा, कोणत्या वर्षी, असा सह्यांचा कागद आम्हा गावकऱ्यांपुढे मात्र आला नाही. पोरे अजून पुण्याचीच गाडी धरतात.

ब्रिटनचे सगळे निर्दोष आहे, असे नाही. स्कॉटलंडच्या लेखापरीक्षण संस्थेने जानेवारी २०२० च्या अहवालात या करारांवर टीका केली, की काही कामे का निवडली ते स्पष्ट नाही आणि स्थानिक लोकांना फारसे विचारले गेले नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये लंडनच्या अर्थखात्याने उत्तर आयर्लंडचे चारही करार अचानक थांबवले. बेलफास्टच्या करारावर २०२१ मध्येच सह्या झाल्या होत्या, तो काही दिवसांत सुटला. डेरी शहराचाही लगेच मार्गी लागला. ज्या दोन भागांचे करार अजून आधीच्या टप्प्यावर होते, त्यांना ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पापर्यंत ताटकळावे लागले. सहीचा उपयोग होतो तो असा.

आणखी एक अडचण आपली स्वतःची आहे. तिकडे निवडून आलेली कौन्सिले सही करतात, स्वतःचे पैसे घालतात. इथे सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे राहिला. जिल्हा परिषद हा कराराचा तिसरा पक्ष असेल, तर तिची निवडणूक वेळेवर झालीच पाहिजे आणि तिच्या स्वनिधीतून थोडा का होईना, वाटा पडलाच पाहिजे. आपला पैसा गुंतला की सदस्य बैठकीत हिशेब मागतात. हे मी पाहिले आहे.

दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना आणि खासदारांना माझी विनंती आहे. जिल्हा नियोजन समित्यांची एक संयुक्त बैठक पाच तालुक्यांसाठी घ्या. दहा वर्षांचा मसुदा करा, ग्रामसभांत वाचून दाखवा, मग दिल्ली आणि मुंबईच्या सह्या घ्या. खर्चाचा हिशेब दर सहा महिन्यांनी पंचायत समितीच्या फलकावर लावा. मसुद्याचे लेखाशीर्ष, हप्ते आणि तपासणीच्या अटी लिहायला माझ्यासारखी निवृत्त मंडळी विनामोबदला बसतील. बैठकीची तारीख तेवढी कळवावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लेखा कर्मचारी,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा