बाबांच्या प्रश्नाचं उत्तर, लंडनहून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तब्येत उत्तम, झोप भरपूर. आई, परवा आवाज बसल्यासारखा वाटला तो फोनमुळे. रडले वगैरे नव्हते. रोजचं सगळं तुम्हाला कळतंच, ते पुन्हा लिहीत नाही. बाबांच्या प्रश्नाला मात्र फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

चित्रं काढायला गेलीस आणि दिवसभर पुस्तकांत काय बसतेस, असं बाबा म्हणाले. दुसऱ्यांची चित्रं बघून काढायला मामांनी ‘नक्कल’ म्हटल्याचंही ताईने कळवलं. (तिला रागावू नका, मीच खोदून विचारलं.)

आधी इथली एक अजब रीत सांगते, म्हणजे पुढचं समजेल. आपलं अर्धवट चित्र भिंतीला लावायचं आणि वर्गातल्या सगळ्यांनी, सोबत एखाद-दोन शिक्षकांनी, त्याच्यासमोर बसायचं. याला क्रिट म्हणतात. जिचं चित्र, तिने तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला बराच वेळ कुणीच बोलत नाही, नुसतं बघतात. खोकलं तरी आवाज घुमतो. मग बोलायला लागतात ते चित्र काढणारी तिथे नसल्यासारखं. ‘छान’ कुणी म्हणत नाही, ‘वाईट’ही नाही. ‘डावीकडची बाई बसली आहे की टांगली आहे?’ असलं काहीतरी विचारतात, आणि त्याचंही उत्तर आपण द्यायचं नाही, बाकीच्यांनी चित्रात शोधायचं. शेवटी आपल्याला बोलू देतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: हे करताना कुणाची चित्रं पाहिलीस? ‘कुणाचीच नाही, मनाने काढलं’ म्हटलं की भुवया उंचावतात. इथे तो आळस समजतात. हे मला अजून पुरतं पटलेलं नाही. गप्प बसण्याचं कारण मात्र पटतं. प्रदर्शनात प्रत्येकाला समजावत आपण चित्राशेजारी थोड्याच उभ्या राहणार? आई, यात अपमान नाही. सगळ्यांचीच पाळी येते.

ती टांगलेली बाई माझ्याच चित्रातली. सध्या मी जमिनीवर बसलेली माणसं काढते आहे, चार-पाच जणांचे घोळके. माणसं जमायची, पण बसायची नाहीत, तरंगायची. खालची सावली गडद केली की माणसाखाली खड्डा पडल्यासारखं दिसायचं.

तेव्हा एका शिक्षिकेने मला ब्रिटिश म्युझियमच्या रेखाचित्र विभागात पाठवलं. तिथे आधी वेळ घेतली की कुणालाही मूळ चित्रं जवळून बघता येतात. पेन आत न्यायचं नाही, फक्त पेन्सिल. मी मागितलं होतं रेम्ब्रांटचं, म्हणजे सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं, एक रेखाचित्र: झाडाखाली बसलेले चार वृद्ध मौलवी. बाबा, हे त्याने एका मोगल लघुचित्रावरून काढलंय! साधारण 1656 ते 1661 या काळात त्याने अशी वीसेक रेखाचित्रं केली. मौलवींचं मूळ चित्र आज व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात, भिंतीच्या लाकडी चौकटीत बसवलेलं आहे. तेव्हा मामांना सांगा, नक्कल इकडच्यांनी आपलीही केली आहे.

पण नक्कल करताना त्याने काय ठेवलं आणि काय सोडलं, ते बघण्यासारखं आहे. मूळचे रंग सोडले. तपकिरी शाईची रेघ आणि पाणी घालून पातळ केलेल्या शाईचे हात, तेवढंच. ठेवलं ते बसणं, आणि चौघांच्या मधली मोकळी जागा. मग 1656 च्या एका एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रात) त्याने अब्राहमकडे आलेले देवदूत काढले, तर तेही जमिनीवर बसलेले, मध्ये ताट, आणि यजमान हातात सुरई घेऊन वाकलेला. गोष्ट बायबलची, बैठक मोगलांची. मी त्या रेखाचित्रासमोर बसून माणसं काढलीच नाहीत, नुसत्या मधल्या जागा काढल्या. वहीत बघाल तर वेड्यावाकड्या ढगांसारखं दिसेल.

दुसरी अमृता शेरगिल. पॅरिसमध्ये शिकून आली, 1936 च्या अखेरीस तिने अजिंठा पाहिलं, आणि 1937 मध्ये ‘ब्रह्मचारी’ काढलं. त्यात अजिंठ्यातली एकही आकृती उचललेली नाही, पण ती बसलेली मुलं कशी जड आहेत बघा. मला तरी वाटतं, अजिंठ्याकडून तिने हा जडपणाच घेतला.

सिद्धान्ताचं म्हणाल तर त्यातलं बरंचसं माझ्या डोक्यावरून जातं, आणि सिद्धान्त वाचून त्याबरहुकूम काढलेलं चित्र मला तरी निबंधासारखं वाटतं. रंग शिकवणारा चित्रकार जोसेफ आल्बर्स मात्र कामाला आला. एकाच रंगाचा कागद दोन वेगळ्या रंगांवर ठेवला तर दोन वेगळे रंग दिसतात, हे तो विद्यार्थ्यांकडून कागद कापून करवून घ्यायचा. मीही पट्ट्या कापल्या, त्या चित्रावर ठेवून बघितल्या, आणि सावलीला हात न लावता तिच्याभोवतीची जमीन उजळ, जरा पिवळसर केली. सावली आपोआप खोल गेली. बाई बसली! बाकीचे तिघे अजून तरंगताहेत, पण होईल.

तर बाबा, पुस्तकांत बसते ते यासाठी. पैसे वाया जात नाहीयेत. तुम्ही ठेव मोडलीत हे ताईकडून कळलं, तुम्ही सांगितलं नाहीत. मला ग्रंथालयात संध्याकाळचं काम मिळालंय, पुढच्या महिन्यापासून कर्जाचा हप्ता मी भरणार. नाही म्हणू नका. रेम्ब्रांटने ते एचिंग केलं त्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं, पुढे संग्रह लिलावात गेला, हेही सांगणार होते, पण राहू दे.

ताईच्या लग्नाची तारीख आणि आमचं अंतिम प्रदर्शन एकाच आठवड्यात आलंय. प्रदर्शनावरच पदवी आहे, आणि ते पुढे ढकलत नाहीत, मी विचारून पाहिलं. तुम्हीही माझ्यासाठी तारीख बदलू नका. ताई फोनवर हसत होती, मीही हसले, म्हणून तुम्हाला वाटलं असेल की आमचं ठरलंय. ठरलेलं नाही, तिच्याशी एकदा बोला. माझ्यासाठी मावशीने सुचवलेल्या मुलाबद्दल आत्ता काहीच सांगत नाही. तो चांगला असेल, माझी ना नाही आणि होही नाही.

ताईच्या साड्यांचे फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात काढलेले. ट्यूबलाइटमध्ये रंग बदलतो.

तुमची,
धाकटी