हिलशाला वर जायला वाट ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की पेपरात हिलशाच्या बातम्या सुरू होतात, आवक किती, भाव किती, बांगलादेशातून येणार की नाही. पण हा मासा मुळात नदीत येतो कशाला याबद्दल दोन ओळीसुद्धा नसतात म्हणून हे पत्र लिहितेय. (मराठीत ह्यालाच पाला म्हणतात.)

हिलसा मोठा होतो समुद्रात पण अंडी घालायला त्याला गोडं पाणीच लागतं. नद्यांना पूर आला की तो प्रवाहाच्या उलटा चढायला लागतो आणि हे दिसतं तितकं सोपं नाहीये, कारण समुद्रात असताना त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जात असतं म्हणून तो खारं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो, आणि नदीत शिरला की सगळं उलटं, आता पाणी आपोआप अंगात घुसतं ते लघवीवाटे सतत काढत राहायचं आणि तेच कल्ले आता पाण्यातलं जरासं मीठ आत ओढून घ्यायला लागतात. हे सगळं पोहता पोहता, आणि त्यात खाणंही कमी झालेलं असतं! हे कळल्यापासून मला तो मासा नुसता ताटातला वाटत नाही.

मोठी मादी 20 लाखांपर्यंत अंडी घालते. पिल्लं साधारण दिवसभरात बाहेर येतात, काही महिने नदीतच वाढतात, वीतभर झाली की समुद्राकडे निघतात आणि एकदोन वर्षांनी अंडी घालायला परत येतात. पॅसिफिकमधला सॅमन अंडी घातल्यावर मरतो, हिलशाचं तसं नाही, तो परत समुद्रात जातो आणि पुन्हा येऊ शकतो. म्हणजे त्याला जायची आणि यायची दोन्ही वाट मोकळी लागते.

आणि तीच आपण अडवलीय. आधी हिलसा गंगेतून पार अलाहाबादपर्यंत, त्याच्याही पुढे जायचा. 1975 मध्ये पश्चिम बंगालमध्ये गंगेवर फरक्का बॅरेज (गेट असलेला बंधारा) सुरू झालं आणि वरच्या भागातला हिलसा जवळजवळ संपलाच. माशांसाठी फिश लॉक (मासे बंधारा ओलांडून वर जावेत म्हणून ठेवलेली गेटांची वाट) ठेवलं होतं पण त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सिंधूवर 1955 च्या कोटरी बॅरेजनंतर पल्ल्याचं (सिंधी लोक ह्यालाच पल्ला म्हणतात) तेच झालं. आता फरक्काच्या वर टॅग (ओळखीची खूण) लावून हिलसा सोडतात, चांगलंच आहे, पण सोडलेल्या माशाच्या पिल्लांनी समुद्रातून परत यायचं कुठून?

बांगलादेशात ऑक्टोबरच्या पौर्णिमेच्या आसपास 22 दिवस हिलसा पकडायला बंदी असते आणि 25 सेंटीमीटरपेक्षा लहान पिल्लू, ज्याला ते जाटका म्हणतात, ते नोव्हेंबर ते जून पकडायचं नाही. पश्चिम बंगालमध्येही 23 सेंटीमीटरची मर्यादा आहे. हे नियम हवेतच, मी त्यांच्या बाजूनेच आहे, पण त्यांनी जाळ्यातून वाचलेला मासा गेटशी येऊन अडकत असेल तर निम्मंच काम झालं ना.

म्हणून एक विनंती. येत्या सीझनला तुमचा प्रतिनिधी मासळी बाजारात जाईल तसा एकदा फरक्कालाही पाठवा आणि हिलसा चढायच्या दिवसांत गेट किती वेळ उघडं ठेवतात, त्यातून किती मासे वर जातात हे तिथल्या अधिकाऱ्यांना आणि कोळ्यांना, दोघांनाही विचारून छापा.

आपली,
एक नियमित वाचक