त्या 1,66,000 माणसांविषयी

प्रिय सुधीर,

तुझं पत्र वाचलं. जून 2023 अखेरच्या वर्षात ब्रिटनचं निव्वळ स्थलांतर, म्हणजे राहायला आलेले वजा सोडून गेलेले, आधी 7,40,000 सांगितलं, मग नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच वर्षासाठी 9,06,000 सांगितलं. मधली 1,66,000 माणसं आली कुठून, आणि सरकार लपवत होतं का, असं तू विचारतोस. लपवलेलं नाही, हे मी खात्रीने सांगतो. पण तुझा राग बिनबुडाचा आहे असं मात्र अजिबात म्हणणार नाही. तिथल्या लोकांचा विश्वास उडाला त्याला खरी कारणं आहेत, आणि ती मोजण्याच्या पद्धतीत सापडतात.

ब्रिटनमध्ये सगळ्या रहिवाशांची नोंदवही नाही. दहा वर्षांतून एकदा जनगणना होते, मधल्या काळात अंदाज. देश सोडणाऱ्यांचे पासपोर्ट तपासणं 1998 पर्यंत पूर्ण थांबलं आणि एप्रिल 2015 मध्ये पुन्हा सुरू झालं. मग इतकी वर्षं आलेले-गेलेले मोजले कसे? तर ‘इंटरनॅशनल पॅसेंजर सर्व्हे’ नावाच्या पाहणीतून. ती 1961 साली सुरू झाली ती पर्यटक किती येतात आणि किती खर्च करतात हे कळावं म्हणून. विमानतळावर, बंदरावर प्रवाशांना थांबवून विचारायचं: किती दिवस राहणार? वर्षाला सात-आठ लाख मुलाखती व्हायच्या, पण त्यात वर्षभराहून जास्त राहायला आलेले किंवा निघालेले जेमतेम तीन-चार हजार सापडायचे. तेवढ्यांच्या उत्तरांना भारांक लावून, म्हणजे एकेक माणूस किती जणांच्या जागी धरायचा ते ठरवून, पूर्ण देशाचा आकडा काढायचा. त्यातही माणूस सांगतो तो इरादा. सहा महिन्यांसाठी आलेला पाच वर्षं राहतो, कायमचा आलेला थंडीला कंटाळून परत जातो.

हे साधन पहिल्यांदा उघडं पडलं 2004 नंतर. त्या वर्षी पूर्व युरोपातले आठ देश युरोपीय संघात आले. त्याआधी सरकारने करून घेतलेल्या अभ्यासात वर्षाला निव्वळ 5,000 ते 13,000 लोक येतील असा अंदाज होता. जर्मनीसारखे मोठे देशही आपली दारं उघडतील, हे त्यात गृहीत होतं. प्रत्यक्षात नोकरीची दारं लगेच उघडली ती ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनीच. शिवाय पोलंडहून येणारे लोक स्वस्त विमानांनी ल्यूटन, स्टॅनस्टेड अशा छोट्या विमानतळांवर उतरत होते, आणि पाहणी करणाऱ्यांचं बळ हीथ्रो-गॅटविक या मोठ्या विमानतळांवर एकवटलेलं होतं. 2011 च्या जनगणनेनंतर मागच्या दशकाचं निव्वळ स्थलांतर 3,46,000 ने वाढवावं लागलं. दरम्यान स्लाउसारख्या नगरपालिका ओरडून सांगत होत्या की आमच्याकडे माणसं जास्त आहेत आणि निधी मात्र कागदावरच्या डोक्यांप्रमाणे मिळतोय. शाळेत जागा अपुरी पडत असताना राजधानीतून ‘आकडे तसं म्हणत नाहीत’ असं ऐकायला मिळालं, तर माणूस आकड्यांवर का विश्वास ठेवेल? त्या रागात मला काहीच गैर दिसत नाही.

आणि मग 2010 मध्ये हुजूर पक्षाने निव्वळ स्थलांतर ‘काही दहा हजारांच्या घरात’, म्हणजे लाखाच्या खाली, आणण्याचं वचन दिलं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. पाहणीची चूक-मर्यादाच दोन्ही बाजूंना साधारण 35-40 हजारांची. म्हणजे वचन पाळलं की मोडलं हे सांगायलाही साधन कच्चं. शिवाय निव्वळ म्हणजे आलेले वजा गेलेले. किती ब्रिटिश नागरिक स्पेनला जाऊन राहतील यावर कोणत्या मंत्र्याचा ताबा असतो? युरोपीय नागरिकांना तेव्हा व्हिसाच लागत नव्हता. वचन एकदाही पूर्ण झालं नाही, तरी ते जवळजवळ दशकभर दिलं जात राहिलं.

विद्यार्थ्यांचं उदाहरण तर मनाला लागतं. पाहणीतून बाहेर जाणारे विद्यार्थी इतके कमी दिसत की शिक्षण संपल्यावर हजारो लोक दरवर्षी बेकायदा मागे राहतात असं बोललं जाऊ लागलं, आणि त्यावर धोरणंही आखली गेली. 2017 मध्ये निर्गमन तपासणीची, म्हणजे देश सोडताना होणाऱ्या त्या पासपोर्ट तपासणीची, माहिती प्रसिद्ध झाली, तर युरोपबाहेरच्या ज्या विद्यार्थ्यांचा व्हिसा संपला होता त्यांतले 97 टक्के वेळेत निघून गेलेले दिसले.

आता 9,06,000 कडे येऊ. कोविडच्या साथीमुळे मार्च 2020 मध्ये मुलाखती थांबल्या आणि राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने, म्हणजे ओएनएसने, नोंदींचा आधार घेतला. युरोपबाहेरच्यांसाठी व्हिसा आणि प्रवासाच्या नोंदी, युरोपीयांसाठी कर आणि सरकारी लाभांच्या नोंदी. हे साधन कितीतरी चांगलं आहे, पण एक अडचण त्याच्या पोटातच आहे. 12 महिने राहिला तरच माणूस स्थलांतरित मोजायचा, आणि आकडा तर वर्ष संपल्यावर पाच महिन्यांत हवा. जूनमध्ये आलेल्याचे 12 महिने तोवर भरलेलेच नसतात. मग आधीच्या लोकांच्या वागण्यावरून यातले किती टिकतील हे गृहीत धरतात. व्हिसाचे नियम बदलले की वागणंही बदलतं आणि गृहीतक घसरतं. युक्रेनमधून आलेल्यांच्या नोंदी उशिरा पूर्ण झाल्या, तीही भर त्यात पडली.

दुरुस्ती नेहमी वरच्याच दिशेने होते असंही समजू नकोस. ब्रिटिश नागरिक किती बाहेर जातात हे नंतरही बराच काळ त्या जुन्या पाहणीतूनच काढत होते. ते नोंदींवरून काढल्यावर 2024 साली बाहेर गेलेले ब्रिटिश 77,000 नसून 2,57,000 निघाले, आणि त्या वर्षाचं निव्वळ स्थलांतर 4,31,000 वरून 3,45,000 वर उतरलं. फसवायचंच असतं तर सरकारला सोयीचा हा आकडा आधीच पुढे आला असता. ओएनएसचे आकडे प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवशी मंत्र्यांना दाखवण्याची प्रथा जुलै 2017 पासून बंद आहे.

बेकारीचे आणि रोजगाराचे आकडे याच धाग्याला बांधलेले आहेत, ही गोष्ट वर्तमानपत्रं क्वचितच सांगतात. बेकारीचा दर येतो श्रमशक्ती पाहणीतून. निवडलेल्या प्रत्येक घराला सलग पाच तिमाह्या प्रश्न विचारतात, आणि मिळालेली उत्तरं लोकसंख्येच्या अंदाजापर्यंत ताणतात. लोकसंख्येच्या अंदाजात स्थलांतर कमी धरलं, तर देशात काम करणारी माणसंही कमी दिसतात. त्यात उत्तर देणारेच घटले. 2023 च्या तिसऱ्या तिमाहीत प्रतिसाद 17.3 टक्क्यांवर आला, आणि ऑक्टोबरमध्ये या पाहणीचे आकडे देणंच थांबवावं लागलं. ते पुन्हा आले फेब्रुवारी 2024 मध्ये, नवे भारांक लावून. बँक ऑफ इंग्लंड व्याजदर ठरवताना हेच आकडे पाहते, म्हणजे घरकर्जाचा हप्ता भरणाऱ्या प्रत्येकाला याची झळ बसते. दरडोई उत्पन्नाचंही तसंच: भाजकच चुकला तर भागाकार बरोबर कसा येईल? आणि चुका फक्त माणसं मोजण्यातच होतात असं नाही: एप्रिल 2025 चा महागाई दर 3.5 टक्के जाहीर झाला तो 3.4 हवा होता. वाहनकराच्या माहितीत चूक होती, ती सरकारी खात्याकडून तशीच आली होती. ओएनएसने स्वतः जाहीर केली, पण जाहीर झालेला दर बदलला नाही.

तेव्हा बातमी वाचताना आधी आकडा निव्वळ आहे की फक्त आलेल्यांचा, हे बघ. मग ‘अमुक महिन्यापर्यंतचं वर्ष’ कोणतं ते बघ. पुष्कळ भांडणं दोन वेगळ्या वर्षांची तुलना केल्याने होतात. ‘तात्पुरता’ हा शब्द असेल तर पुढच्या दोन प्रसिद्धींपर्यंत ठाम मत बनवू नकोस. दिलेले व्हिसा हा वेगळाच आकडा आहे, व्हिसा मिळालेला प्रत्येक जण येतोच असं नाही. रोजगाराच्या बाबतीत पाहणीशेजारी पगारपत्रकांवरचा आकडा ठेव, तो करखात्याच्या नोंदींतून येतो. त्यात स्वयंरोजगारवाले नसतात, एवढं ध्यानात असू दे. आणि मंत्री एखादा आकडा सांगून त्याच दमात श्रेय घेत असेल, तर तो आकडा मोजला गेला तेव्हा कोणते व्हिसा-नियम लागू होते हे तपास. ते बहुतेकदा आधीच्या सरकारचे निघतात.

स्थलांतराचे पुढचे आकडे मे आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतात. त्या दिवशी मथळ्यातला आकडा बाजूला ठेव आणि मागच्या प्रसिद्धीतलं कोणतं वर्ष कितीने बदललं, तो तक्ता आधी उघड. काही अडलं तर तक्त्यासकट पाठव, मिळून बघू.

तुझा,
माधव