डॉक्टर मॅडम, तुमची मोजणी जुळली

डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

चौतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात जमिनी मोजण्यात काढली. पंचनामे लिहिले, जबाब लिहिले, हरकतींवर अहवाल लिहिले. आभाराचं पत्र मात्र एकही लिहिलं नाही. आम्हालाही कुणी लिहिलं नाही. ज्याचा बांध सरकतो तो शिव्या देतो, आणि ज्याला दोन गुंठे वाढून मिळतात त्याला ते आधीपासून आपलेच होते असं वाटतं. तेव्हा हे पत्र कच्चं वाटलं तर सांभाळून घ्या. तुमचं नाव घालत नाही. "काका, नाव नको, लोक उगाच फोन करत बसतात," असं तुम्हीच बजावलंय. सूनबाई टाइप करून देतेय, शुद्धलेखनाची जबाबदारी तिची.

निवृत्तीनंतरही पोरं नकाशे घेऊन येतात, "तात्या, एवढं बघून द्या" म्हणतात. गेल्या मार्गशीर्षात हरिपूरकडच्या एका गटाची फाळणी, म्हणजे जमिनीचे हिस्से पाडायचा नकाशा, बघत बसलो होतो. पट्टी धरून रेघ मारली आणि ती शेवटाला वळली. पट्टी सरकली असेल म्हणून खोडली. पुन्हा वळली. मी चष्म्याला दोष दिला, नंबर बदलून आणला. मग आठवड्याभरानं बाजारातून येताना सौ. मागून ओरडली, "अवो, उजव्या पायातली चप्पल मागं राहिली की! कळत न्हाई का?" खरंच कळलं नव्हतं. वीस-पंचवीस पावलं अनवाणी चाललो होतो.

पुढचं भरभर झालं. सीटी, एमआरआय, आणि मेंदूत डाव्या बाजूला खोल आत साधारण दोन सेंटिमीटरची गाठ. पहिल्या ठिकाणी रिपोर्ट बघून "पुण्या-मुंबईला हलवा" म्हणाले आणि तोवर सूज उतरायला स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या. पण सांगलीकराला मोठं दुखणं आलं की त्याची पावलं मिरजेकडं वळतात. वानलेस डॉक्टरांनी १८९४ साली तिथं मिशनचं हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ती खोड आहे. त्या खोडीनंच तुमच्या दारात आणलं.

तुमचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. नाव नाही, वय नाही. "या गोळ्या सुरू केल्या का?"

केल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी अमावास्या होती आणि नवं औषध अमावास्येला सुरू करायचं नाही असं आमच्या घरात चालतं. तुम्ही हसून सौ.कडं बघितलंत आणि म्हणालात, "बरं झालं." मला वाटलं थट्टा करताय. मग तुम्ही सांगितलंत की ही गाठ टीबीची असू शकते, मेंदूच्याच पेशींची असू शकते, किंवा लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर. लिम्फोमा असेल तर स्टिरॉइडनं तो काही दिवसांत विरघळल्यासारखा होतो. मग तुकडा काढला तरी त्यात काही सापडत नाही, आणि काही महिन्यांनी तोच रोग परत येतो. एमआरआयमध्ये तिन्ही गाठी एकसारख्या दिसू शकतात, उपचार मात्र तीन दिशांना जातात. "फोटोवरून औषध द्यायचं म्हणजे सातबारा न बघता खरेदीखत करायचं," असं तुम्ही म्हणालात. तेव्हाच मी विचारलं, तुमच्या घरी कुणी महसुलात आहे का? तर म्हणे, नाही, तुमच्या केसपेपरवर व्यवसाय वाचला.

मॅडम, मला आभार मानायचेत ते मुख्यतः त्यानंतरच्या अर्ध्या तासाचे. बाहेर ओपीडीत माणसं ताटकळत होती आणि तुम्ही एका कोऱ्या कागदावर मला माझ्याच धंद्याची गोष्ट सांगत होतात.

डोकं उघडायचं नाही, म्हणालात. कवटीला एक छोटं भोक, त्यातून जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची सुई, आणि गाठीतून तांदळाच्या दाण्याएवढे दोन-चार तुकडे. मी विचारलं, आत दिसत नसताना सुई नेमकी तिथंच जाईल हे कशावरून? तुम्ही म्हणालात, "तुम्ही शेतात पुरलेला हद्दीचा दगड कशावरून शोधता?"

मग कळलं की सगळा खेळ खुणांचा आहे. डोक्यावर एक चौकट चार स्क्रूंनी घट्ट बसवायची, इतकी की डोकं आणि चौकट एकच होऊन जातील. त्यावर एक पेटी चढवायची आणि सीटी काढायचा. पेटीच्या बाजूंना इंग्रजी एन अक्षराच्या आकाराच्या पट्ट्या. मला सगळ्यात आवडला तो हा एन. सीटीच्या प्रत्येक कापात त्याचे तीन ठिपके दिसतात. दोन उभ्या दांड्यांचे ठिपके जागच्या जागी, आणि तिरप्या दांडीचा ठिपका त्या दोघांच्या मध्ये सरकत राहणारा. तो कुठल्या ठिपक्याच्या किती जवळ आहे त्यावरून तो काप किती उंचीवरचा हे निघतं. साधं त्रैराशिक! रसेल ब्राउन नावाच्या अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला हे १९७८ साली सुचलं, असं तुम्ही सांगितलंत. मला तो पोरगा आमच्या खात्यात हवा होता.

त्याआधीच्या लोकांचं मला जास्त नवल वाटतं. हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी १९०८ साली लंडनमध्ये असं यंत्र केलं, पण ते जनावरांसाठी. कवटीवरच्या खुणांवरून आतली जागा काढायची, ही त्यांची रीत. माणसाला ती लागू पडेना, कारण माणसागणिक कवटी आणि आतला मेंदू यांचं माप जुळत नाही. गावठाणातल्या घराच्या कोपऱ्यापासून शिवारातला बांध मोजण्यासारखंच ते. १९४७ साली फिलाडेल्फियात स्पीगल आणि वायसिस यांनी माणसावर केलं तेव्हा मेंदूतल्या पोकळ्यांत हवा भरून एक्स-रे काढायचा आणि आतल्याच खुणा धरून मोजायचं, अशी पद्धत होती. सीटी नाही, कॉम्प्युटर नाही. आम्हीही तेहतीस फुटी साखळी आणि शंकू घेऊनच शिकलो, त्यामुळं त्या दोघांना माझा वेगळा नमस्कार. आपल्याकडं हे काम मद्रासला रामामूर्ती आणि बालसुब्रमण्यम या डॉक्टरांनी रुजवलं, हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतच सावरून बसलो. आमच्या धंद्याची गंगोत्रीही तीच. लॅम्बटननं १८०२ साली पहिली आधाररेषा मद्रासजवळच मोजली, तिथून अख्खा हिंदुस्थान मोजला गेला.

तुमच्या चौकटीत मध्यबिंदूला शून्य नाही, तर एक्स, वाय, झेड तिन्ही १०० आहेत. शून्य आहे कोपऱ्यात, उजवीकडं, वर आणि मागं. म्हणजे उणे चिन्ह येतच नाही आणि वाचताना घोटाळा होत नाही. मी म्हणालो, आमच्या नकाशांच्या यूटीएम पद्धतीतही मध्य रेखांशाला शून्य म्हणत नाहीत, ५,००,००० मीटर म्हणतात, म्हणून तर पश्चिमेकडच्या सांगली-साताऱ्याला उणे आकडे येत नाहीत. तुम्ही म्हणालात, "मग काका, हे तुम्हीच तपासा." आणि आदल्या दिवशीच्या एमआरआयवर सीटी बसवून निघालेले माझ्या गाठीचे आकडे शस्त्रक्रियेच्या दिवशी खरंच मला दाखवलेत. एक्स ११८.५. मी म्हटलं, म्हणजे मध्यापासून डावीकडं साडेअठरा मिलिमीटर. तुम्ही मान डोलावलीत. झेड वरून खाली वाढतो, विहिरीची खोली मोजतात तसा, ते मात्र मला दोनदा समजावून घ्यावं लागलं.

तुमच्या खोलीत ते दुसरं कॅमेऱ्याचं यंत्रही होतं. तुमचे ज्युनिअर डॉक्टर त्याला "मेंदूचा जीपीएस" म्हणाले. तिथं मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. उपग्रह कुठाय? कॅमेरा एका जागी, हत्यारावर चमकणारे गोळे, त्यांच्याकडून परतलेल्या किरणांवरून हत्यार कुठंय ते कळतं. ही तर आमची ईटीएस, म्हणजे किरण सोडून मोजणी करणारं यंत्र, आणि किरण परतवणारा प्रिझम! ते बिचारे गोरेमोरे झाले. मोठी गाठ डोकं उघडून काढताना ते यंत्र फार कामाचं, पण कवटी उघडली की आतलं पाणी वाहून जातं आणि मेंदू खचतो, काही मिलिमीटर, कधी सेंटिमीटरभरही, मग सकाळचा नकाशा दुपारी जमिनीशी जुळत नाही, असं तुम्ही सांगितलंत. हे सांगलीच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली की पुढं काय होतं ते आम्ही बघितलंय. पूर ओसरल्यावर नदीकाठचा गट आणि त्याचा नकाशा एकमेकांना ओळख देत नाहीत. सुईएवढ्या भोकातून तेवढं पाणी जात नाही, आणि माझी गाठ लहान नि खोल, म्हणून तुम्ही चौकटच निवडलीत.

धोकाही तुम्ही झाकून ठेवला नाहीत. शंभरातल्या दोन-चार जणांना आत रक्तस्राव होऊन त्रास होतो, क्वचित जीवावर बेततं. नव्वदाहून जास्त वेळा निदान हाती येतं, पण दरवेळी नाही. सौ.नं पदराला डोळे लावले. मी सही केली. आकडा कळला की मला धीर येतो, माझा स्वभावच तसा.

चौकट बसवताना दुखलं, हे लिहितो, कारण उद्या कुणी वाचून घाबरू नये आणि कुणी फसूही नये. कपाळावर दोन, मागं दोन, अशी चार बधिरीकरणाची इंजेक्शनं झोंबतात. मग स्क्रू आवळले जातात तेव्हा दुखत नाही, दाब येतो, डोकं शिकंज्यात धरल्यासारखं. दहा मिनिटांनी तोही विसरायला होतो. ड्रिलचा आवाज मात्र विसरणार नाही. भिंतीला भोक पाडताना येतो तसाच, फक्त भिंत आपण.

मी जागा होतो. मेंदूला स्वतःला दुखत नाही हे तुम्ही आधी सांगितलं होतं, तरी विश्वास बसायला सुई आत जावी लागली. तुमच्या सिस्टरनी आकडे मोठ्यानं वाचले, ज्युनिअर डॉक्टरांनी चौकटीवर लावले, आणि मग तुम्ही म्हणालात, "आता उलटं. चौकटीवरचं तू वाच, मी कागद बघते." मॅडम, आमच्याकडं याला निमताना म्हणतात. एकानं मोजलेलं दुसऱ्यानं पुन्हा मोजायचं. किती जणांनी हा कंटाळा केला आणि किती भावाभावांची भांडणं कोर्टात गेली, ते मी बघितलंय. ते वाक्य ऐकलं आणि मी डोळे मिटून घेतले.

चौकटीवर सुई धरणारी कमान लावताना तुम्ही सांगितलंत की लेक्सेल नावाच्या स्वीडनच्या डॉक्टरानं १९४९ साली ही युक्ती काढली. गाठ कमानीच्या बरोबर केंद्रात धरायची, मग सुई कुठल्याही कोनातून आली तरी पोचते तिथंच. म्हणून वाट निवडायला मोकळीक राहते. तुम्ही रक्तवाहिन्या चुकवून वाट काढलीत. कुठल्याही बांधावरून या, विहीर तीच.

सुईच्या टोकाला बाजूनं खिडकी असते हे नंतर कळलं. हळदीच्या सौद्यात पोत्यात टोकदार नळी खुपसून नमुना काढतात, अगदी तसंच. पोतं उसवायचं नाही आणि माल कळला पाहिजे. सुई तिथल्या तिथं फिरवून चारी बाजूंचे तुकडे घेतलेत. त्या वेळात तुम्ही मला उजव्या हाताची मूठ वळायला आणि काहीतरी बोलत राहायला सांगितलंत. मी कोष्टक म्हणत होतो, सोळा आणे एक साखळी, चाळीस गुंठे एक एकर. पलीकडून निरोप आला, तुकडे पुरेसे आहेत. घड्याळ बघायचं राहून गेलं, पण चहाची वेळ टळली नव्हती.

टीबी निघाला. छाती साफ, खोकला कधी नाही, आणि गाठ मेंदूत! सीबीनॅट नावाच्या टीबीच्या तपासणीनंही तेच सांगितलं. सौ.नं देवाला नारळ फोडला; टीबी झाला म्हणून नारळ फोडणारी सांगलीतली ती पहिलीच बाई असावी. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळाल्या. आणि गंमत म्हणजे त्या अमावास्येच्या पिशवीतल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, कपाटात ठेवायला लावलेल्या, त्याही मग तुम्हीच सुरू केल्यात, सूज उतरायला. गोळ्या त्याच, पण आता कशासाठी घेतोय ते माहीत होतं.

तुमच्याबरोबर त्या सिस्टरना, ज्युनिअर डॉक्टरांना (जीपीएसचं मनावर घेऊ नका म्हणावं) आणि सीटीच्या खोलीत माझी मान धरून उभ्या राहिलेल्या त्या पोराला नमस्कार सांगा. तो एक्स-वाय-झेडचा कागद मी मागून घेतला होता आणि हट्टानं त्यावर तुमची सही घेतली होती. तो घराच्या मोजणीच्या 'क' प्रतीबरोबर एकाच फायलीत आहे. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर. येताना हरिपूरची हळद आणतोय, नको म्हणू नका.

परवा तीच अर्धी राहिलेली फाळणी पुन्हा काढून बसलो. पट्टी धरली, रेघ मारली. सरळ आली. शेवटाला थोडी जाड झालीय, पण पेन्सिल बोथट होती.

आपला,
तात्या
निवृत्त भूकरमापक, सांगली